हिवाळ्यातले वीजबिल : गिझर, हीटर आणि आमचे ३३४ युनिट

धागाकर्ती, नाशिक

आमच्या घराचे डिसेंबरचे वीजबिल काल आले. त्यावर ३३४ युनिट असा आकडा आहे. ऑक्टोबरमध्ये तो १६८ होता. घरात एसी नाही, पंखे महिनाभर बंद आहेत, फ्रिजही थंडीत कमीच चालत असणार. तरीही वापर जवळजवळ दुप्पट झाला आहे. त्यामुळे हे युनिट नेमके कुठे जातात, ते समजून घेण्यासाठी हा धागा काढत आहे.

आमचा फ्लॅट सर्वांत वरच्या मजल्यावर आहे. घरात आम्ही दोघे, दोन मुले आणि ७८ वर्षांच्या सासूबाई. न्हाणीघरात २५ लिटरचा, २००० वॉटचा गिझर आहे. तो पहाटे साडेपाचला सुरू होतो आणि शेवटची आंघोळ होईपर्यंत, म्हणजे साडेनऊपर्यंत, चालू असतो. मोठा मुलगा शॉवरखाली आंघोळ करतो, बाकीचे बादलीने करतात. गच्चीवरच्या टाकीचे पाणी पहाटे इतके गार असते की त्यात हात धरवत नाही. मुलाच्या प्रयोगशाळेतल्या तापमापकाने मोजले तर ते १६ अंश भरले. सासूबाईंच्या खोलीत रात्री झोपण्यापूर्वी तासभर २००० वॉटचा पंख्याचा हीटर लावतो.

आता दोन प्रश्न आहेत. पहिला असा, की गिझर दोनदा थोडा थोडा वेळ लावावा की एकदाच चार तास चालू ठेवावा, याबद्दल प्रत्येक जण वेगळे सांगतो. त्यात खरे काय आहे? दुसरा प्रश्न सासूबाईंच्या खोलीचा आहे. दुकानदार म्हणतो, तेलाचा हीटर घ्या, त्याला वीज निम्मी लागते. तो बराच महाग आहे. इथे निफाडकडे पारा पाच अंशांच्या खाली उतरल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, त्यामुळे त्यांची खोली गार ठेवण्याचा प्रश्नच नाही. पण खर्च योग्य ठिकाणी व्हावा, एवढीच इच्छा आहे.

निवृत्त विद्युत अभियंता, पुणे

ताई, तुम्ही टाकीतल्या पाण्याचे तापमान मोजून दिलेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. हिशेब एकाच आकड्यावर उभा आहे : एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला १.१६ वॉट-तास ऊर्जा लागते. हा पाण्याचा गुणधर्म आहे. गिझर कोणत्याही कंपनीचा असो, कितीही वॉटचा असो, तो बदलत नाही. ३००० वॉटचा इन्स्टंट गिझर लवकर तापवतो आणि १००० वॉटचा रॉड सावकाश तापवतो, पण त्याच पाण्यासाठी लागणारे युनिट जवळपास सारखेच असतात.

आता तुमच्या घरापुरते पाहू. २० लिटरची बादली १६ अंशांवरून आंघोळीच्या ४० अंशांवर न्यायची म्हणजे २४ अंशांचा चढ. २० गुणिले २४ गुणिले १.१६ केले की सुमारे ५६० वॉट-तास येतात, म्हणजे अर्ध्या युनिटाहून थोडे अधिक. बादलीने आंघोळ करणाऱ्या चौघांचे मिळून रोजचे सव्वादोन युनिट झाले. शॉवरमधून मिनिटाला आठ लिटर पाणी पडते असे धरले आणि मुलगा दहा मिनिटे उभा राहिला, तर त्याचे एकट्याचे ८० लिटर होतात आणि त्यालाही सव्वादोन युनिटच लागतात. म्हणजे एकाची आंघोळ बरोबर चौघांच्या आंघोळी. रोजचे साडेचार युनिट, महिन्याचे सुमारे १३५. हीटरचे रोजचे दोन युनिट, महिन्याचे ६०. तुमच्या ३३४ पैकी १९५ युनिट या दोनच ठिकाणी सापडतात. ऑक्टोबरमध्ये टाकीचे पाणी २६ अंशांच्या आसपास असते, तेव्हा चढ १४ अंशांचाच राहतो आणि त्याच आंघोळींना जवळपास ४० टक्के वीज कमी लागते. गार पाणी आणि हीटर, हीच बिल वाढण्याची मुख्य कारणे आहेत.

तुमच्या पहिल्या प्रश्नाला आता उत्तर देता येते. गिझरची टाकी उष्णतारोधक थराने वेढलेली असते, तरी तिच्यातून उष्णता सतत झिरपत राहते. चांगल्या गिझरमध्ये ही गळती चोवीस तासांत एखाद्या युनिटाहून कमीच असते. गिझरवरचे तारे मुख्यतः याच गळतीवरून दिले जातात. म्हणजे चार तास चालू ठेवल्याने फार तर एका युनिटाच्या दहा-पंधरा टक्क्यांचा, म्हणजे अत्यल्प, फरक पडतो. एकामागून एक आंघोळी होणार असतील तर गिझर चालू राहू द्यावा. मात्र तो रात्रंदिवस चालू ठेवणाऱ्या घरांनी महिन्याचे वीसेक युनिट भिंतीला आणि हवेला दिले, असे समजावे. थर्मोस्टॅट ७० अंशांवर असेल तर तो ५५ ते ६० वर आणा. गळती कमी होते आणि भाजण्याचा धोकाही घटतो. त्याखाली उतरवून तेच कोमट पाणी टाकीत दिवसेंदिवस साठवू नये, कारण साधारण २० ते ४५ अंशांच्या साठलेल्या पाण्यात अपायकारक जंतू वाढू शकतात.

आणखी एक गैरसमज दूर करावासा वाटतो. बोअरच्या पाण्याचे क्षार कॉइलवर बसले की वीज जास्त लागते, असे सर्रास सांगतात. कॉइल पाण्यातच बुडालेली असते, त्यामुळे तिची उष्णता अखेर पाण्यालाच मिळते. क्षारांचा खरा तोटा असा, की कॉइल आतल्या आत जास्त तापते आणि लवकर जळते. गिझरमधला मॅग्नेशियमचा रॉड टाकीला गंजण्यापासून वाचवतो. तो दोन-तीन वर्षांनी तपासून घ्यावा. या देखभालीने गिझर टिकतो, बिल मात्र त्यामुळे फारसे उतरत नाही.

बिलाच्या मागील बाजूचा नियमित वाचक, छत्रपती संभाजीनगर

वरील हिशेबाला दराची जोड द्यावी म्हणून लिहितो. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत : १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. पहिल्या टप्प्याच्या मानाने दुसऱ्या टप्प्यातला वीज आकार साधारण दुप्पट असतो आणि तिसरा त्याहून चढा. त्याशिवाय प्रत्येक युनिटावर वहन आकार असतो, आणि एकूण आकारणीवर १६ टक्के वीज शुल्क लागते. बिलाला युनिटांनी भागून 'आपल्याला युनिट इतक्याला पडते' असे आपण म्हणतो, तेव्हा मोठी चूक होते. वाचवलेले युनिट नेहमी वरच्या टोकाचे असते, म्हणजे सर्वांत महागाचे. ताईंचे वरचे ३४ युनिट तिसऱ्या टप्प्यात गेले आहेत. ते आधी वाचवले, तर त्यांची किंमत सरासरी दराहून बरीच जास्त भरेल.

काही जण असाही समज करून घेतात की ३०१वे युनिट झाले की सगळेच युनिट वरच्या दराने लागतात. तसे नसते; वरचा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. तेव्हा २९८ वर मीटर अडवण्याची धडपड करण्याचे कारण नाही, पण रीडिंगच्या तारखेपासून पंधरा दिवसांनी मीटर स्वतः वाचण्याची सवय लावावी. महिना संपल्यावर आलेल्या आकड्यावर काही करता येत नाही, मधल्या आकड्यावर करता येते.

आपल्याकडे नवा टीओडी मीटर बसला असेल तर बिलात वेळेनुसार वापर वेगळा छापलेला असतो. १ जुलै २०२५पासून अशा घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटामागे ८० पैशांची सवलत सुरू झाली. पहाटेच्या आंघोळीला तिचा उपयोग नाही. इस्त्री, धुणे, पंप आणि घरी असलेल्यांची उशिराची आंघोळ यांना मात्र आहे.

एक गृहिणी, नागपूर

सासूबाईंच्या खोलीविषयी लिहिते, कारण आमच्याकडे सासऱ्यांसाठी मीही याच फेऱ्यातून गेले आहे. तेलाचा हीटर निम्मी वीज खातो हे खरे नाही. पंख्याचा असो, तेलाचा असो की लाल सळ्यांचा असो, विजेवर तापणारा प्रत्येक हीटर एका युनिटातून एका युनिटाइतकीच उष्णता देतो. २००० वॉटचा तेलाचा हीटर तापल्यावर अधूनमधून आपोआप बंद होतो, म्हणून तो कमी खातो असे वाटते. पंख्याच्या हीटरला थर्मोस्टॅट असेल तर तोही तसाच बंद होतो. तेलाच्या हीटरचे गुण वेगळे आहेत : त्याचा आवाज होत नाही, तो उजेड पाडत नाही, हवा नाकात भरत नाही आणि बंद केल्यावरही अर्धा तास ऊब धरून ठेवतो. त्यासाठी घ्यायचा असेल तर जरूर घ्यावा.

आम्ही शेवटी वेगळाच मार्ग धरला. खोली तापवायची की माणूस, हा प्रश्न स्वतःला विचारला. सासरे संध्याकाळी खुर्चीत बसून वाचतात, तेव्हा चार हात अंतरावर ४०० वॉटची एकच सळई लावतो. तिची धग सरळ पायांवर येते, खोलीची हवा तापण्याची वाट पाहावी लागत नाही. झोपण्यापूर्वी अर्धा तास गरम पाण्याची पिशवी पांघरुणात ठेवतो. तिला दोन लिटर पाणी लागते, म्हणजे वरच्या अभियंता काकांच्या हिशेबाने दशांश युनिटाच्या आसपास. खाली कापसाच्या गादीवर जाड गोधडी अंथरली आणि वर लोकरीचे घोंगडे घातले. अंगावर कितीही घ्या, गादीखालून गारवा येत असेल तर म्हाताऱ्या माणसाची हाडे गरम होत नाहीत, हे मला माझ्या आईने सांगितले होते आणि ते शब्दशः खरे आहे.

सळईच्या हीटरपासून पांघरूण, पडदे आणि साडीचा पदर तीन फूट तरी दूर हवा. हीटर एक्स्टेंशनच्या वायरीवर कधीच लावू नये; तो भिंतीतल्या १६ अँपिअरच्या सॉकेटवरच लावावा. वयस्कर माणूस झोपल्यावर तो चालू ठेवू नये. पण थंडी तीव्र असेल तेव्हा त्यांच्या खोलीचे युनिट मोजत बसू नका. वय झाल्यावर शरीराला थंडी उशिरा कळते, आणि कळते तेव्हा ती छातीत उतरलेली असते. काटकसर न्हाणीघरात करावी, त्यांच्या खोलीत करू नये.

वाचक, कोल्हापूर

विजेचे गिझर काढून गॅस गिझर बसवावा, असे कोणीतरी सुचवीलच, म्हणून आधीच लिहितो. पैशांच्या दृष्टीने ते चुकीचे नाही. १४.२ किलोच्या सिलिंडरमधली ऊर्जा गिझरच्या कार्यक्षमतेनुसार पाण्यात उतरते ती सुमारे १५० युनिटांइतकी. सिलिंडर ९०० रुपयांचा धरला तर युनिट सहा रुपयांना पडते, जे दुसऱ्या टप्प्यातल्या विजेहून स्वस्त आहे.

परंतु आमच्या गल्लीत असा गिझर बंद न्हाणीघरात बसवला होता. हिवाळा म्हणून वरची झडपेची खिडकी पुठ्ठ्याने बंद केली होती. आंघोळीला गेलेली तरुण मुलगी बाहेर आली नाही. दार तोडले तेव्हा ती बेशुद्ध होती. वेळेवर दवाखान्यात नेल्यामुळे वाचली. गॅस अपुऱ्या हवेत जळाला की कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, तो डोळ्यांना झोंबत नाही. चक्कर येते आणि दाराची कडी काढण्याइतकेही बळ उरत नाही. गॅस गिझर हवाच असेल तर तो न्हाणीघराच्या बाहेर, उघड्या हवेत बसवावा आणि केवळ गरम पाण्याची नळी आत घ्यावी. आत बसवणाऱ्या कारागिराला स्पष्ट नकार द्यावा. हीच गोष्ट बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणाऱ्यांना लागू आहे. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, परंतु त्या घरांना कौले होती आणि कौलांतून हवा खेळत होती. आजच्या स्लॅबच्या खोलीत ती हवा नाही.

बादलीत रॉड लावणाऱ्यांनीही एवढे करावे : बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नये, रॉड लोखंडी बादलीत लावू नये, आणि घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्यावा. गिझरलाही तो हवाच, आणि अर्थिंग तपासलेले हवे.

सोसायटीचा माजी सचिव, पुणे

आमच्या इमारतीत २०११ पासून सौर बंब आहेत, म्हणून थोडे अनुभवाचे. सौर बंबाचे पाणी दुपारी चार-पाचला सर्वांत गरम असते आणि आपण ते पहाटे सहाला मागतो. रात्रभर टाकी उष्णता गमावते. ज्यांनी संध्याकाळी आंघोळ सुरू केली, त्यांना हिवाळाभर वीज लागली नाही. ज्यांनी पहाटेचा हट्ट धरला, त्यांनी टाकीतली विजेची कॉइल रात्रभर चालू ठेवली आणि सौर बंबाचा लाभ घालवला. त्या कॉइलला टायमर लावून तो पहाटे पाचला सुरू होईल असे करावे.

दुसरी गोष्ट नळाची. गच्चीपासून तिसऱ्या मजल्यापर्यंत ३० मीटर पाइप असेल तर त्यात आठ-दहा लिटर गार पाणी अडकलेले असते. गरम पाणी येईपर्यंत प्रत्येक घर तेवढे पाणी मोरीत सोडते आणि मग पाइपच तापवत बसते. आम्ही उघड्या पाइपांवर उष्णतारोधक आवरण चढवले आणि सकाळच्या आंघोळी पाठोपाठ ठेवायला सांगितल्या. एवढ्याने तक्रारी निम्म्या झाल्या. पुणे महापालिका सौर ऊर्जा, पर्जन्यजलसंधारण किंवा गांडूळ खत प्रकल्प असलेल्यांना मिळकत करात सवलत देते, तिची चौकशी जरूर करावी.

गच्चीवर विजेचे सौर पॅनल बसवायचे असतील तर २०२४ च्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० रुपये, असे जास्तीत जास्त ७८,००० रुपयांचे अनुदान आहे. एक किलोवॉटमधून महिन्याला शंभराच्या वर युनिट मिळतात. आपल्याकडे हिवाळ्यात आकाश निरभ्र असते, त्यामुळे पॅनलची खरी परीक्षा थंडीत नसते, ती जुलै-ऑगस्टमध्ये असते.

मूळ नाशिककर, सध्या इंग्लंडमध्ये

इथल्या थंडीची आणि नाशिकच्या थंडीची तुलना करणार नाही, पण एक गोष्ट इथे शिकलो ती आईच्या नाशिकच्या घरात उपयोगी पडली. २०२२ च्या हिवाळ्यात इथे गॅस आणि वीज दोन्ही इतके महागले की सरकारने ऑक्टोबरपासून दर बांधून दिले. सामान्य घराचे वर्षाचे बिल २,५०० पौंडांच्या आसपास राहील, असा तो हिशेब होता. मर्यादा एकूण बिलावर नव्हती, युनिटच्या दरावर होती. म्हणून त्या वर्षी सगळ्यांनी घरातून उष्णता कुठून पळते, ते शोधायला सुरुवात केली. बहुतेकांना ती दाराखालच्या फटीत सापडली.

आईच्या घरी ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आहेत. त्यांच्या मधल्या जोडातून रात्री वारा येतो, हे मेणबत्तीची ज्योत धरून पाहिले. जोडाला केसाळ पट्टी चिकटवली, दाराखाली जुन्या चादरीची वळकटी ठेवली. दुसरे म्हणजे दक्षिणेची खिडकी. नाशिकला डिसेंबरअखेर भरदुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४६ अंशच वर असतो, त्यामुळे ऊन खोलीत आतपर्यंत येते. आईला सवय होती ती उन्हाळ्यातली, म्हणजे दुपारी पडदे ओढून घेण्याची. आता ती दिवसभर पडदे उघडे ठेवते आणि साडेपाचला जाड पडदा लावते. खोलीत इंधन जळत नसेल तरच फटी बुजवाव्यात, हे कोल्हापूरच्या प्रतिसादाला जोडून सांगतो.

निवृत्त विद्युत अभियंता, पुणे

हीटरविषयी नागपूरच्या ताईंनी लिहिलेले अचूक आहे. त्याला एकच अपवाद जोडतो. ज्या एसीत गरम हवेची सोय असते, तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतून ओढून आत आणतो. त्यामुळे एका युनिटात सुमारे तीन युनिटांइतकी ऊब मिळते. हीट पंपाचे गिझर याच तत्त्वावर चालतात. ज्यांना एसी तसाही घ्यायचा आहे, त्यांनी खरेदीपूर्वी ही सोय विचारावी. केवळ महिना-दीड महिन्याच्या थंडीसाठी एवढा खर्च करावा, असे मी सुचवणार नाही.

धागाकर्ती, नाशिक

जानेवारीचे बिल आले म्हणून परत लिहिते आहे. २३८ युनिट. थंडी डिसेंबरइतकीच होती.

तेलाचा हीटर घेतला नाही. सासूबाईंसाठी ४०० वॉटच्या सळईचा हीटर आणि पाण्याची पिशवी आणली, त्यांच्या खिडकीच्या जोडाला पट्टी लावली. मोठ्या मुलाला काकांचा हिशेब वाचायला दिला. 'माझी एक आंघोळ म्हणजे तुमच्या चौघांच्या' हे वाचून तो काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवसापासून त्याने स्वतःहून बादली घेतली. रविवारी मात्र शॉवर, असे ठरले आहे. गिझर आता ६० अंशांवर असतो आणि चारही आंघोळी पाठोपाठ होतात.

सासूबाईंनी पहाटेच्या आंघोळीचा नेम साठ वर्षे पाळला आहे. पूजेआधी आंघोळ झालीच पाहिजे, म्हणून तो बदला असे सांगण्याचे धाडस मला होत नव्हते. त्यांनीच एके दिवशी सांगितले की पूजा अकराला केली तरी देव तेच आहेत. तोपर्यंत गच्चीवरची काळी टाकी उन्हाने तापते; तापमापक लावला तर पाणी २४ अंश भरले. पहाटेच्या मानाने आठ अंश कमी तापवावे लागते, आणि त्या वेळी न्हाणीघरातही ऊन असते, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते.

पाइपांवरच्या आवरणाचा विषय सोसायटीच्या पुढच्या सभेत मांडणार आहे. माजी सचिवांना विनंती, की तुम्ही वापरलेले आवरण उघड्या गच्चीवर किती वर्षे टिकले आणि माकडांनी ते फाडले का, तेवढे कळवावे. आमच्याकडे माकडे येतात.

सोसायटीचा माजी सचिव, पुणे

माकडांचा त्रास आमच्याकडे नाही, उन्हाचा आहे. नुसते काळे रबरी आवरण गच्चीवरच्या उन्हात तीन वर्षांत भुगा झाले. दुसऱ्यांदा बसवताना त्यावर ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे वेष्टन घातले, ते अजून शाबूत आहे. माकडांसाठीही पत्राच योग्य ठरेल. कोटेशन मागवताना पाइपची लांबी आणि व्यास दोन्ही मोजून द्या, आणि कोपऱ्यांच्या जोडांचा दर वेगळा लिहून घ्या; आमचा हिशेब तिथेच चुकला होता.